मिरचीचं मलम

बाळांनो, घटकाभर असं समजा की आपण खसखशीच्या दाण्याहूनही बारीक झालो आहोत. इतके बारीक, की माणसाच्या पाठीच्या कण्यात शिरता यावं. मणक्यांच्या पोकळीतून एक मऊ दोर खाली जातो. त्याला मज्जारज्जू म्हणतात. आपण त्या दोराच्या मागच्या अंगाला उभे आहोत आणि समोर एक अरुंद फट आहे. फटीच्या अलीकडे पायाकडून आलेली नस संपते. पलीकडे मेंदूकडे जाणारी नस सुरू होते. दोघी एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. पायाला ठेच लागली, तर ती बातमी या फटीतूनच पलीकडे जायची.

आता नीट बघा. पायाकडच्या नसेच्या टोकाशी बारीक बारीक पिशव्या आहेत. ठेच लागली की त्या उघडतात. काही पिशव्यांतला निरोप झटकन पलीकडे जातो, 'लागलं' म्हणतो आणि संपतो. दुसऱ्या पिशव्यांमध्ये मात्र चिमुकल्या माळा असतात. त्या सावकाश निघतात आणि फटीत रेंगाळतात. शेजारच्या नसांनाही जागं करतात आणि 'लागलं, अजून लागतंय' असं सांगत बसतात. त्यांतल्या एका माळेत अकरा मणी असतात. शास्त्रज्ञांनी तिचं नाव ठेवलंय सबस्टन्स पी. अशा माळांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, पण माळा ध्यानात ठेवा.

आता बाहेर या, पुन्हा मोठे व्हा, आणि माझ्याबरोबर लातूरला चला.

किल्लारीचा भूकंप होऊन बारा वर्षं झाली होती. लातुरात त्या दिवसांत चौकाचौकात क्लासचे फलक लागलेले असायचे. डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्या मुलांचे फोटो त्यांवर इतके दाटीवाटीने छापलेले, की खालचा पत्ता वाचता यायचा नाही. बाहेरगावची मुलं क्लाससाठी लातुरात खोल्या घेऊन राहायची. अशा मुलांची मेस बार्शी रोडमागच्या एका गल्लीत दामिनीची आई चालवायची. दामिनीचे वडील शिवकुमारअप्पा, त्यांचं गंजगोलाईच्या बाजारात बारदान्याचं दुकान होतं. आणि घरात होती शांतम्मा, दामिनीची आत्या.

आत्याचं सासर किल्लारीजवळ होतं. भूकंपात तिचं घर गेलं, नवरा गेला, आणि भिंतीखाली सापडलेला डावा पाय वाचला तो कायमचं दुखणं घेऊन. ती भावाकडे आली. पुढच्या वर्षी दामिनी जन्मली. आईचे हात मेसच्या कणकेत, म्हणून दामिनी वाढली ती आत्याच्या मांडीवर. अकरा वर्षांची झाली तरी ती आत्याजवळच झोपायची, आत्याच्या हातूनच वेणी घालून घ्यायची. आत्या आपली आहे, यात वाटेकरी असू शकतो हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

मग वैष्णवी आली.

वैष्णवी कंधारची. तिचे वडील तिथे शाळेत शिक्षक. ती बारावीला होती आणि पुढच्या खोलीत राहायला आली होती. उंच, सावळी, बोलायला गोड. आल्या दिवशीच तिने आत्याला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आत्या, पाणी मी भरते, तुम्ही बसा."

दामिनी दारातच उभी होती. आत्या हा तिचा शब्द होता. कुणीतरी तिच्या दप्तरात न विचारता हात घालावा, तसं तिला वाटलं.

"ती तुझी आत्या न्हाई," दामिनी म्हणाली.

"मग काय म्हणू?"

"काकू म्हण. सगळी पोरं काकूच म्हणतात."

आत्या हसली. "म्हणू दे गं. एक आणखी भाची झाली तर काय बिघडायलंय?"

बिघडायलाच लागलं. वैष्णवी संध्याकाळी क्लासवरून आली की आत्याच्या पायाशी बसून पोटऱ्या दाबायची. दाबता दाबता दिवसभराचे धडे मोठ्याने म्हणायची आणि आत्या "हाव, हाव" करत ऐकायची. पूर्वी या वेळेला आत्या दामिनीला डोक्यात तेल घालायची. आता म्हणायची, "थांब जरा, हिचं बोलणं होऊ दे." दामिनी तेलाची वाटी घेऊन थांबायची. मग आपणच तेल घालायची आणि मुद्दाम उशी तेलकट करायची. वैष्णवीला ताई म्हण, असं आईने कितीदा सांगितलं. दामिनी तिला काहीच म्हणायची नाही. काम पडलं तर "ए" म्हणायची.

दिवाळीच्या सुट्टीत तर कहरच झाला. कंधारला घरी जाताना वैष्णवी आत्याला सोबत घेऊन गेली. नांदेडला तिच्या वडिलांच्या ओळखीचे डॉक्टर होते, त्यांना पाय दाखवायला. दामिनीला हिवताप आला होता, तिला नेलं नाही. परत आल्यावर आत्या सांगत सुटली, गोदावरी केवढी, गुरुद्वारा केवढा, लंगरात पंगतीला बसून दोघी कशा जेवल्या. प्रत्येक वाक्यात वैष्णवी होतीच.

"आन् डॉक्टरनं काय दिलं?" आईने विचारलं.

"मलम दिलंय. मिरचीचं."

आई पोळी लाटता लाटता थांबली. "मिरचीचं? मग नांदेडला कशाला गेलात वन्स? माझ्या डब्यातली भाजी चोळायची होती पायाला."

"तुमची भाजी पोटात तरी जाते का, काकू?" वैष्णवी म्हणाली. "निम्मी पोरं पाण्याबरोबर गिळतात."

सगळे हसले. दामिनी हसली नाही.

त्या संध्याकाळी वैष्णवीने आत्याला माळांचं सांगितलं, मघाशी मी तुम्हाला सांगितलं तसंच. मिरचीतल्या तिखटाने काय होतं, तेही सांगितलं. ते तिखट कातडीतल्या नसांना लागतं आणि नस आपल्या माळा भराभर सोडून देते. म्हणून आधी आग होते. पण रोज, वेळच्या वेळी, न चुकता लावत गेलं की पिशव्या रिकाम्या होतात. नव्या माळा नसेच्या मुळाशी ओवल्या जातात आणि तिथून लांबचा रस्ता चालत येतात. त्या पोचायच्या आत पुन्हा मलम लावायचं. मध्ये खंड पडला की पिशव्या पुन्हा भरतात, आणि पहिल्यापासून आग सोसावी लागते. (आजचे शास्त्रज्ञ म्हणतात, नुसत्या माळाच संपत नाहीत, नसेची टोकंही काही काळ मिटून जातात. पण वैष्णवीच्या पुस्तकात तेव्हा एवढंच होतं.)

"एक मात्र सांभाळायचं, आत्या. लावल्यावर हात साबणाने धुवायचे. डोळ्याला बोट लावायचं न्हाई."

दामिनी भिंतीआड बसून ऐकत होती. मग आत्याने आवाज खाली केला.

"पोरी, एक विचारू? तुला ठावं असंल. मी भिंतीखाली व्हते तवा माझा पाय दुखला न्हाई. जरा सुदीक न्हाई. शेजारी हे कण्हायले व्हते, मंग गप झाले. आन् मला काईच दुखंना. बाहेर काढल्यावर, पाणी पिल्यावर दुखाया लागलं. इतकी वर्सं मला वाटतंय, मी दगड हाय का काय. नवरा मरायलाय आन् बाईला काई वाटंना."

वैष्णवी आत्याच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "आत्या, ते तुम्ही न्हाई केलं. मोठं संकट आलं की मेंदू वरून निरोप धाडतो. तेव्हा त्या फटीपाशी दुसऱ्या माळा सुटतात. लहान, पाच मण्यांच्या. एन्केफॅलिन म्हणतात त्यांना. त्या दुखण्याच्या माळांना बाहेरच पडू देत न्हाईत. जीव वाचावा म्हणून शरीर तसं करतं. कुणाचंही करतं."

"दगडाचं न्हाई करत?"

"दगडाला मज्जारज्जूच न्हाई, आत्या."

आत्या आधी हसली, मग तिने पदर डोळ्याला लावला. भिंतीआड दामिनीला रडू येत होतं. आत्याच्या दुःखाने नाही. आपण अकरा वर्षं आत्याच्या कुशीत झोपलो आणि ही गोष्ट आत्याने आपल्याला सांगितली नाही, काल आलेल्या मुलीला सांगितली, म्हणून.

मलम सुरू झालं. पहिले काही दिवस आत्याचा पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखा व्हायचा. ती ओठ दाबून सोसायची. अप्पा म्हणायचे, "हे औषध हाय का सासुरवास?" पण वैष्णवीने एकही वेळ चुकवली नाही. सकाळी आत्याची पूजा झाली की क्लासला जायच्या आधी लावायची, दुपारी जेवायला आली की लावायची, संध्याकाळी लावायची. लावून झालं की आत्याचे तळहातही ओल्या फडक्याने पुसायची. हळूहळू आग कमी झाली, आणि मग दुखणंही. एका सकाळी आत्या काठीशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली.

"वैष्णवीच्या हातात गुण हाय," ती येईल-जाईल त्याला सांगू लागली.

ते वाक्य दामिनीला दिवसभर ऐकू येत राहायचं. 

एक काम मात्र वैष्णवीला करता येत नव्हतं, ते म्हणजे पूजेचं ताट. हे घर लिंगायतांचं. आत्याच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. रोज अंघोळ झाली की ती ते डाव्या तळव्यावर घ्यायची, विभूती लावायची, बेलाचं पान ठेवायची, एकटक बघत बसायची, आणि शेवटी लिंग दोन्ही डोळ्यांना लावून परत डबीत ठेवायची. ताटात पाणी, फुलं, बेल मांडायचे आणि विभूती वाटीत पाण्याने कालवायची, हे काम पहिलीपासून दामिनीचं होतं. ताट आत नेताना ती पुढच्या खोलीवरून मुद्दाम सावकाश जायची.

त्या सोमवारी दामिनी अंघोळ करून आली, तर मलमाची ट्यूब खिडकीत दिसली. वैष्णवी पुढच्या खोलीत पाठ करत होती. आई चुलीपाशी. आत्या न्हाणीत. दामिनीने ट्यूब उचलली. तिने फार विचार केला नाही. मलम संपलं की वैष्णवीचा गुणही संपेल, एवढंच तिला वाटलं. जुन्या पेपरवर तिने ट्यूब शेवटपर्यंत पिळली, पेपराचा बोळा करून केराच्या डब्यात खाली दडपला, आणि चपटी ट्यूब होती तिथे ठेवली. बोटांना लागलेलं तिने परकराला पुसलं. लातुरात नळ आठ-आठ दिवस यायचा नाही, तिथली मुलं हात धुवायच्या आधी पुसूनच बघतात. शिवाय तिची अंघोळ झाली होती, म्हणजे हात स्वच्छच. मग तिने पूजेचं ताट घेतलं, बेल मांडला, आणि त्याच बोटांनी विभूती कालवली.

आत्या पूजेला बसली. दामिनी शेजारी वेणी सोडत होती. आत्याने विभूती कपाळाला लावली, लिंगाला लावली, नेहमीसारखी बघत बसली. मग लिंग डोळ्यांना टेकवलं.

ती ओरडली नाही. लिंग तेवढं घट्ट मुठीत धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने जमीन चाचपू लागली. "शिवम्मा," तिने दामिनीच्या आईला हाक मारली, "मला दिसंना. डोळे पेटले."

वैष्णवी पुस्तक टाकून धावली. पिण्याच्या पाण्याची अख्खी कळशी तिने आत्याच्या डोळ्यांवर ओतली, पुन्हा दुसरी ओतली. बऱ्याच वेळाने आत्याने डोळे किलकिले केले. लाल झाले होते, पण दिसत होतं.

"काल संध्याकाळी लावलं तेव्हा मी तुमचे हात पुसले होते ना?" वैष्णवी पुन्हा पुन्हा विचारत होती. तिचा चेहरा उतरला होता. "पुसले होते. का न्हाई पुसले? मला आठवंना."

"तुझं काई न्हाई गं," आत्या म्हणाली. "लिंग लावलं आन् जळालं. देवाला पटलं न्हाई. अंगाला मिरची फासून पूजेला बसायली मी, कसं पटंल? बंद कर ते मलम."

अप्पांनी वैष्णवीला बाहेर बोलावलं. ते रागावले नाहीत, हेच वाईट झालं. "पोरी, तू शिकायला आलीस. शीक. डॉक्टर झाल्यावर ये, मंग आमी तुझंच औषध घेऊ. तवर नको."

दामिनी शाळेत गेली. पहिल्या तासाला तिला वाटलं, बोटं गरम झाली आहेत. दुसऱ्या तासाला पेन धरवेना. तिने बोटं बाकाच्या थंड पत्र्यावर ठेवली, पाण्याच्या टाकीखाली धरली, पण आग आतच होती. तेव्हा तिला सगळं कळलं, आणि कुणी विचारायच्या आत तिने मुठी मिटून घेतल्या.

त्यानंतर दामिनीला हवं होतं ते सगळं मिळालं. मलम बंद झालं. चपटी ट्यूब पाहून आई म्हणाली, "संपलंच व्हतं की," आणि ती टाकून दिली. वैष्णवी पुढच्या खोलीतच जेवू लागली. संध्याकाळी आत्या दामिनीला हाक मारायची. दामिनी तिच्या पायाशी बसायची. पण आता पाय पुन्हा दुखायला लागला होता. दामिनी जोर लावून चोळायची, आत्या "बस झालं बाळा, दमशील" म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची. चोळल्याने थोडं बरं वाटतं, हे खरंच आहे. चोळण्याचा निरोपही त्याच फटीपाशी पोचतो आणि दुखण्याच्या निरोपाला जरा अडवतो. पण हात उचलला की दुखणं पुन्हा वाट काढतं.

"आत्या," एकदा दामिनीने विचारलं, "भिंतीखाली तुला काय वाटलं व्हतं?"

"काई न्हाई. झोप आता."

वैष्णवीने विचारलं असतं तर सांगितलं असतं, दामिनीच्या मनात आलं. वैष्णवी आता आत्याजवळ बसत नव्हती, तरी दामिनीला राग वैष्णवीचाच येत होता, आणि तो येतो म्हणून स्वतःचाही.

आठवडाभराने वैष्णवीने ट्रंक बाहेर काढली. मैत्रिणीच्या होस्टेलमध्ये एक जागा झाली होती. "क्लास जवळ पडतो," ती आईला म्हणाली. क्लास तिथून उलट लांब पडत होता, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ऑटो थोड्या वेळात यायचा होता.

दामिनीने पूजेचं ताट मांडलं आणि आत्यापुढे ठेवलं. आज आपल्याला आनंद व्हायला हवा, असं ती स्वतःला सांगत होती. आत्याने लिंग तळव्यावर घेतलं. विभूती लावली. बेल ठेवला. बघत बसली. मग तिने तळवा वर उचलला, डोळ्यांपर्यंत नेला, आणि तिथेच थांबवला.  डोळे तिने आधीच गच्च मिटले होते, मार चुकवणारं मूल मिटतं तसे. तिने लिंग डोळ्यांना न लावता हळूच खाली आणलं, डबीत ठेवलं आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं.

दामिनीने पाहिलं होतं. आणि आत्या गेला आठवडाभर रोज हेच करत होती, हेही तिला आता आठवलं. तेव्हा दामिनी आपल्या वेणीच्या नादात असायची.

भूकंपाने नवरा नेला तेव्हा आत्याने देवाला दोष दिला नव्हता. डोळे जळाले तेव्हा मलम आणणाऱ्या मुलीलाही दिला नव्हता. आता ती देवाला घाबरत होती. आणि देवाने तर काहीच केलं नव्हतं.

"आत्या," दामिनी म्हणाली, "देवानं न्हाई."

"काय देवानं न्हाई?"

"जाळलं ते. मी मलम पिळून टाकलं. मग त्याच हातानं विभूती कालवली." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की तिला परत सांगावं लागलं. "ट्यूब संपली नव्हती. मी संपवली."

आत्याने तिच्याकडे बघितलं.  "का गं?"

"तू तिला भिंतीचं सांगितलंस. मला न्हाई सांगितलंस."

बाहेर ऑटोचा भोंगा वाजला. वैष्णवीने ट्रंकेची कडी धरल्याचा आवाज आला.  आत्याचा हात गळ्यातल्या डबीवर गेला.

दामिनी उठली. पुढच्या खोलीच्या दारात गेली आणि म्हणाली, "ताई, जाऊ नको. तू आत्याचे हात पुसले व्हतेस. मलम माझ्या हाताला व्हतं. आधी आत ये." वैष्णवी ट्रंक तशीच सोडून उंबऱ्यापर्यंत आली. दामिनी मोरीत गेली. तिने साबण घेतला आणि हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, मनगटापर्यंत, पाण्याची जराही काटकसर न करता. ताटातली विभूती काढून टाकली, वाटी घासली, नवी विभूती कालवली. मग त्या दोघींच्या देखत तिने दोन बोटं वाटीत बुडवली, डोळे मिटले, आणि विभूती आधी स्वतःच्या दोन्ही पापण्यांना लावली.